डिशसोबत एक मोफत भेट

आमच्या याउकेन बेटावर मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते, आणि ते ठिकाण म्हणजे माझे सासरे. म्हणजे त्यांची कबर. चर्चच्या मागे टेकाडावर दफनभूमी आहे. तिच्या वरच्या कोपऱ्यात कुस्तोदियो बार्रिया चिरविश्रांती घेत पडले आहेत. त्यांच्या उशाशी उभं राहून उजवा हात जरा वर धरला की फोनवर दोन दांड्या उमटतात. हयातीत या गृहस्थाने मला आपल्या अंगणात दोन मिनिटं धड उभं राहू दिलं नाही. 'मास्तरकी करणाऱ्याला मुलगी दिली, आता बटाटे कोण काढणार?' हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि आता विजेचं बिल भरायचं असो की औषध मागवायचं असो, मी आपला त्यांच्या उशाशी हजर. निघताना बायको न चुकता सांगते, "बाबांना माझा नमस्कार सांग."

तर या बेटावर मी घरी इंटरनेट आणायचं ठरवलं. मला स्वतःला त्याची काडीची गरज नव्हती. गरज होती एर्सिराला, म्हणजे माझ्या बायकोला.

एर्सिरा लोकर विणते. तिचा माग आमच्या रीतीचा, म्हणजे जमिनीसरशी. स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीत खुंट्या ठोकलेल्या, त्यांवर ताणलेले दोर, आणि समोर गुडघे टेकून बसलेली एर्सिरा. असली घोंगडी विणणाऱ्या बायका आता बेटावर दोनच उरल्या आहेत, आणि दुसरीला दिसत नाही. दक्षिणेला पुंता आरेनास शहरात आमच्याकडची निम्मी माणसं पोटापाण्यासाठी गेलेली. तिथे त्यांचा एक क्लब आहे. त्या क्लबातल्या मुलींना आपल्या आज्यांचं विणकाम शिकायचं होतं. क्लबाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, दोन्या एर्सिरा (आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने 'दोन्या' लावतात) दर शनिवारी दुपारी व्हिडिओवरून शिकवतील का? पहिला वर्ग नीट झाला तर पुढे अख्खा हिवाळा चालवू.

हा निरोप एर्सिराने बापाच्या कबरीपाशी तीनदा वाचला. घरी आली आणि तिने निळा झगा कपाटातून काढून इस्त्रीला घेतला. जन्मभर आमच्या घरात शिकवणारा माणूस एकच होता, तो मी. आता तिलाही कुणीतरी 'बाई' म्हणणार होतं. तिचा चेहरा बघून मला भरून आलं. भरून आलं की माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. रविवारी प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत मी जाहीर करून टाकलं, "पहिल्या वर्गाच्या आत माझ्या घरात इंटरनेट नसेल तर मला मास्तर म्हणू नका!"

माग काही दफनभूमीत नेता येत नव्हता. म्हणजे इंटरनेटलाच घरी यायला हवं होतं. आणि आमचं घर आहे, किंवा तेव्हा होतं, एका खळग्यात.

हा खळगा माझ्या आजोबांनी निवडला. वारा लागू नये म्हणून. वारा लागत नाही हे खरं, पण बाकीचंही काही लागत नाही. ऊन लागत नाही, समुद्र दिसत नाही. भिंतीला शेवाळ, मिठाच्या भांड्यात मिठाचा एकच गोळा, आणि हिवाळ्यात बूट रात्रभर चुलीजवळ ठेवले नाहीत तर सकाळी त्यांच्यावर कोवळं हिरवं काहीतरी उगवलेलं. एर्सिरा लग्न झाल्यापासून म्हणत आली, "घर वर टेकाडावर हवं होतं रे. खिडकी उघडली की समुद्र दिसला पाहिजे." यावर माझं ठरलेलं उत्तर, "आजोबांनी विचार करून बांधलंय." एवढं बोललं की मी 'माते' या आमच्याकडच्या कडू चहात गरम पाणी ओतून घेई आणि विषय संपे.

पण इंटरनेटकडे वळू. मी आयुष्यभर मुलांना तक्ते करून शिकवलं. शाळेतून आणलेल्या जुन्या नकाशाच्या पाठीवर मी तीन रकाने आखले. आकाशातून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या तीन, आणि तिन्ही कंपन्यांना मी सासऱ्यांच्या साक्षीने फोन केले.

पहिली कंपनी 'सिएलोनेट'. हिचा एकच उपग्रह, पण तो उत्तरेच्या आकाशात जागच्या जागी ठाण मांडून बसलेला, आणि इतका उंच की आपलं बोलणं वर जाऊन खाली येईपर्यंत मधे एक विराम पडतो. कंपनीतल्या मुलाने सांगितलं, "साहेब, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर." हे मी घरी सांगितलं तर शेजारच्या दोन्या उबेर्लिंदा म्हणाल्या, "नको रे बाबा. तिकडे पोरीने 'बाई, धागा सोडू का?' विचारायचं आणि एर्सिराने 'नको' म्हणेपर्यंत तिने सोडलेला असायचा." हा मुद्दा मी तक्त्यात लाल शाईने लिहिला.

दुसरी कंपनी 'सुर-लेहोस'. सगळ्यांत स्वस्त. पण महिन्याला ठरावीक माप. माप संपलं की वेग इतका मंदावणार की चित्र डोक्याकडून पायाकडे उतरत उतरत येणार. मी विचारलं, "महिन्यात किती वर्ग बसतील?" बाई म्हणाल्या, "कॅमेरा बंद ठेवला तर भरपूर." विणकाम, आणि कॅमेरा बंद! मी फोन ठेवला.

तिसरी 'कोंडोर', म्हणजे आमच्याकडचा गिधाडासारखा थोरला पक्षी. हिचे उपग्रह लहान लहान, पुष्कळ, आणि एकामागून एक धावणारे. उशीर नाही, माप नाही. महाग होती, पण फोनवरची मुलगी इतकं गोड बोलली की मला आपण अजून नोकरीत आहोत असं वाटलं. "फक्त डिशला आकाश पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे, सर," ती म्हणाली, "आणि सर, या महिन्यात आमच्याकडून सोबत एक मोफत भेटवस्तू."

आता माणूस कितीही विचारी असला, तक्ते करत असला, तरी मोफत भेटवस्तू म्हटलं की तक्त्याचं काय चालणार? मी 'कोंडोर'ला होकार दिला. भेट काय असेल यावर आम्ही आठवडाभर चर्चा केली. दोन्या उबेर्लिंदांचं म्हणणं, थर्मास. माझा अंदाज, टोपी.

पत्त्यावरून थोडी खटपट झाली. त्यांना रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर हवा होता. मी म्हटलं, "चर्चवरून उताराला लागा, डावीकडे मोठ्ठं कोइग्वेचं झाड दिसेल, त्याच्या पायथ्याशी जिथे धूर दिसेल तो मी." मुलगी म्हणाली, "सर, नकाशावर टाचणी लावा." मी टाचणी लावली, ती समुद्रात पडली. पुन्हा लावली, ती उबेर्लिंदांच्या गोठ्यावर. तिसऱ्यांदा बरोब्बर आमच्या चुलीवर बसली, आणि मुलगी म्हणाली, "छान. आता ही जागा कायमची नोंदवली गेली." तेव्हा हे 'कायमची' मला फार आवडलं होतं.

खोकं लाँचने आलं तेव्हा मी समोरच्या मोठ्या बेटावर पेन्शनच्या कामाला गेलो होतो. एर्सिराने ते उतरवून घेतलं, उघडलं, सगळं धड आहे ना ते पाहिलं आणि मी यायच्या आत टेबलावर नीट मांडून ठेवलं. डिश होती, घरातली छोटी पेटी होती, हातभर वायर होती. भेटवस्तू नव्हती.

"आणि भेट?" मी विचारलं.

"होतं तेवढं मांडलंय," एर्सिरा म्हणाली आणि लोकर पिंजू लागली.

मी अस्वस्थ झालो. प्रश्न टोपीचा नव्हता, तत्त्वाचा होता. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो तर लाँचच्या कप्तानाच्या डोक्यावर नवी कोरी टोपी, आणि टोपीवर पक्षी. मी म्हटलं, "छान आहे टोपी." तो म्हणाला, "मेव्हण्याने दिली." मी म्हटलं, "असं का." तो म्हणाला, "असंच." त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. कंपनीला फोन केला, तर मुलगी म्हणाली, "पाठवली आहे, सर." मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता.

डिश छपरावर लावली. ती विजेवर चालू होते आणि आकाश शोधत आपोआप मान फिरवते, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती फिरली तशा कोंबड्या अंगण सोडून पळाल्या आणि उबेर्लिंदांनी छातीवर क्रूस काढला. "मास्तर, ती माझ्याकडे बघतेय!" मी समजावलं की ती उपग्रह बघतेय. पण ती उपग्रह बघत नव्हती. फोनवर चित्र आलं, त्यात आकाशाचा एक छोटा तुकडा हिरवा आणि बाकी सगळं लाल. लाल म्हणजे अडथळा. एका बाजूला टेकाड, दुसऱ्या बाजूला उबेर्लिंदांचं कोइग्वेचं झाड. मी डिश धुराड्याला बांधली. खुराड्यावर ठेवली. शिडीच्या टोकाला बांधून ती शिडी मी स्वतः दुपारभर धरून उभा राहिलो. सगळीकडे लाल.

संध्याकाळी शेजारी सल्ला द्यायला जमले. आमच्याकडे सल्ला द्यायला येणाऱ्याला मिल्काव द्यावा लागतो. बटाट्याचा हा जाड वडा पोटात गेला की माणूस उठायचं नाव घेत नाही, त्यामुळे सल्लाही लांबतो. एक म्हणाला, डिशला आरसा दाखवा. दुसरा म्हणाला, पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घ्या. मी धीर करून मुद्द्यावर आलो.

"दोन्या उबेर्लिंदा, ते झाड जर..."

"खबरदार!" त्या कडाडल्या. "त्या झाडाखाली मला माझ्या ओफेलियाचा बाप मागणी घालायला आला. पावसात भिजत होता. झाड नसतं तर तसाच परत गेला असता, आणि माझी ओफेलिया जन्माला आली नसती."

शिवाय ते झाड तोडायला जंगल खात्याची परवानगी लागते, आणि ओफेलिया त्याच खात्यात कारकून आहे. विषय संपला.

तेव्हा एलिसेओ नाउएल्किनने तोंड उघडलं. एलिसेओ म्हणजे बेटावरचा बैलवाला. माणूस कमी बोलतो, पण बोलला की लोक उठून उभे राहतात. तो म्हणाला, "टेकाड हलत नाही. झाड हलू देत नाहीत. मग राहिलं काय, मास्तर?"

"काय राहिलं?"

"घर."

मी हसलो, पण माझ्याबरोबर कुणी हसलं नाही. आमच्या बेटांवर घर ओढून नेणं ही काही चेष्टा नाही. शेकड्याने माणसं जमतात, बैलजोड्या जुंपतात, आणि घर अख्खंच्या अख्खं दुसरीकडे जाऊन बसतं. कुणी पैसे घेत नाही. घरवाल्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि दुसऱ्याच्या वेळी आपण दोर धरायचा. याला मिंगा म्हणतात. एलिसेओच्या बापाने तर एक घर समुद्रातून तरंगत नेलं होतं, आत चूल पेटती ठेवून. पण तेव्हा कारणं मोठी असत. भावाभावांत वाटणी, नाहीतर भरतीने खचलेली जमीन. इंटरनेटच्या डिशपायी मिंगा! मी जरा दुखावल्या आवाजात म्हटलं, "आजोबांनी विचार करून..."

"आजोबांना इंटरनेट कुठे घ्यायचं होतं?" उबेर्लिंदा म्हणाल्या. झाड वाचलं म्हणून त्या एकदम उत्साहात आल्या होत्या. "न्या की वर! मी पाच कोंबड्या देते."

मी एर्सिराकडे पाहिलं. वाटलं, ही तरी मला आवरेल. तिने माझ्या चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली आणि डोळे खाली ठेवून म्हणाली, "तुझी मर्जी, म्हाताऱ्या. इंटरनेट तुझं. मी काय सांगणार?"

एवढी आज्ञाधारक बायको पाहून मला खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

घर सार्वजनिक रस्त्यावरून न्यायचं म्हणजे नगरपालिकेची परवानगी हवी. खिडकीतल्या तरुणाने अर्ज पुढे केला. "रुंद वाहन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "घर आहे." तो म्हणाला, "घराचा वेगळा अर्ज नाही. रस्त्यावरून हललं की वाहन." मी रुंद वाहन लिहिलं. "वाहनाचा नंबर?" नाही. "चालक?" एलिसेओ नाउएल्किन. "इंधन?" मी म्हटलं, "गवत." त्याने न हसता गवत लिहून घेतलं. "मागचे दिवे आहेत?" मी जरा विचार केला आणि म्हटलं, "मागच्या खोलीत एक बल्ब आहे." तो म्हणाला, "तो चालू ठेवा." आणि शिक्का मारला.

मिंगा शुक्रवारी ठरली, आणि वर्ग शनिवारी. पहाटेपासून माणसं येत होती. शेजारच्या बेटांवरून होड्या आल्या. खिडक्यांच्या काचा काढल्या, चूल बाहेर काढली, घराखाली गुळगुळीत ओंडके सरकवले, आणि आजोबांनी विचार करून बांधलेलं घर पाच बैलजोड्यांना जुंपलं. माग मात्र जमिनीत ठोकलेला, तो हलवता येईना. एर्सिरा म्हणाली, "माग आत तर मीही आत." ती निळा झगा घालून खिडकीत बसली. मांडीवर लोकरीची टोपली. ती टोपली मी घ्यायला गेलो तर तिने हातही लावू दिला नाही. "लोकर गुंतेल," म्हणाली.

एलिसेओने हाक दिली, सगळ्यांनी दोर ताणला, आणि घर निघालं. मला वाटलं होतं मला हसू येईल. उलट रडूच आलं. जन्मलो त्या खोलीची भिंत शेवाळासकट चढ चढत होती. खिडकीत बायको सणासारखी नटून बसलेली. आणि सगळं बेट ओरडत होतं, "ओढा रे! मास्तरांचं इंटरनेट चाललं!" मीही दोर धरला. माझ्यापुढे लाँचचा कप्तान होता, टोपी घालून. त्याने मागे बघून विचारलं, "जमतंय ना, मास्तर?" दोर हातात असताना कुणाशी अबोला धरता येत नाही. मी म्हटलं, "जमतंय."

जमत होतं, ते फुटबॉलच्या मैदानापर्यंत. मैदान टेकाडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. तिथे पुढचा ओंडका कडाडला, घराने एक गुडघा टेकला आणि ते गोलपोस्टकडे तोंड करून बसलं. एलिसेओने खाली वाकून पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "दुसरा ओंडका जंगलातून आणावा लागेल. सोमवारी."

"उद्या वर्ग आहे!"

"आणि परवा सामना," कुणीतरी आठवण दिली.

पण एर्सिरा खिडकीतून म्हणाली, "थांबल्या जागी लावून तर बघ, म्हाताऱ्या." मी मैदानावरच्या दिव्याच्या खांबावरून वीज घेतली आणि डिश छपरावर चढवली. तिने मान फिरवली, आणि फोनवरचं आकाश हिरवंगार झालं! मैदानाइतकी मोकळी जागा बेटावर दुसरी नव्हतीच. लोकांनी टोप्या उडवल्या. मग फोनवर दुसरी ओळ आली: 'आपण आपल्या घराच्या बाहेर आहात. सेवा उपलब्ध नाही.'

मी धावत सासऱ्यांकडे गेलो. तीच गोड मुलगी.

"सर, तुमची डिश नोंदवलेल्या घरी नाही."

"घरीच आहे. घराच्या छपरावर आहे."

"मग तुम्ही घराबाहेर आहात का, सर?"

"मी आत्ता दफनभूमीत आहे. पण माझी बायको घरात आहे, डिश घरावर आहे, फक्त घर बाहेर आहे."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, चुकून 'सिएलोनेट'ला लागला की काय. मग ती म्हणाली, "सर, आमच्याकडे प्रवाशांसाठी एक योजना आहे. सहलीला गेलेल्यांसाठी."

"द्या. आमचं घर सहलीला गेलंय."

शनिवार उजाडला. मैदानाच्या कडेला खड्डा खणून कुरांतो लावला होता. तापलेल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, आणि वरून छत्रीएवढी नाल्काची पानं. मिंगा संपली नव्हती म्हणून कुणी घरी गेलंच नव्हतं. एर्सिरा मागापुढे बसली, मी समोर फोन बसवला, आणि ठरल्या वेळी पुंता आरेनासच्या बारा मुली आमच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या. "नमस्कार, बाई!" बारा तोंडांनी एकदम. एर्सिराचे कान लाल झाले.

"बाई, मागे ते काय आहे?"

"गोलपोस्ट," एर्सिरा म्हणाली. "आणि खिडकीतली माणसं मला ओढायला आली आहेत. आता धागा हातात घ्या."

तिने पहिला धागा टाकला, दुसरा उचलला, आणि मुली थिजल्या. सगळ्या. एकीचं तोंड उघडं, एकीचा हात हवेत. एर्सिरा थांबली. "ऐकू येतंय का?" कुणी हललं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि निळ्या झग्यावरची नसलेली घडी सारखी करू लागली. ते मला बघवलं नाही.

मी बाहेर धावलो, आणि कारण समोरच दिसलं. ज्याने दोर ओढला त्याला घरातलं सगळं मोकळं, ही मिंगाची रीत. सकाळी एकाने पासवर्ड विचारला, मी रीतीप्रमाणे सांगितला. 'कुस्तोदियो'. आता अख्खं बेट गवतावर बसून फोनवर होतं. कुणी मुलाशी, कुणी बहिणीशी, कप्तान मेव्हण्याशी. उबेर्लिंदा ओफेलियाला व्हिडिओवर झाड दाखवत होत्या. एवढी सुखी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. जेवायला बोलावलेल्याचं ताट ओढून घेण्यातलाच हा प्रकार. पण आत एर्सिरा घडी सारखी करत होती.

निवृत्तीनंतर बंद पडलेला माझा वर्गातला आवाज आपोआप बाहेर आला. "फोन खाली!"

यातल्या निम्म्यांना मीच शिकवलेलं. हात खाली आले.

"एर्सिराचा वर्ग चालू आहे," मी म्हटलं, "आणि ती एकटीच बसली आहे."

एलिसेओ उठला. बटाट्याची रिकामी टोपली घेऊन तो प्रत्येकापुढे फिरला. टक टक फोन पडत गेले. कप्तानाने "मेव्हण्या, नंतर" म्हणून आपला टाकला. उबेर्लिंदांनी ओफेलियाला पापी दिली आणि फोन टाकला. एलिसेओने टोपली खड्ड्याशेजारी ठेवली आणि वरून दोन नाल्काची पानं घातली, नीट दाबून. "शिजू देत," म्हणाला.

आतून आवाज आला, "बाई! दिसताय, दिसताय!"

वर्ग संपेपर्यंत मैदानावर कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे खिडक्यांशी उभे राहून बघत होते. एर्सिरा शिकवत होती. "ए लाल स्वेटर, ओढू नकोस, तो बैल नाही. हां, अस्सं." एका मुलीची आजी मागून पुढे आली आणि नुसती मागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईचा खुंटा असाच होता." शेवटी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बाई, पुढच्या शनिवारी?" एर्सिरा म्हणाली, "पुढच्या शनिवारी. फक्त घर कुठे असेल ते विचारू नका." बाहेर जो जल्लोष झाला त्याने बैल दावं तोडून धावले.

रविवारचा सामना घरासकट झाला. आमचा एक गोल स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटून झाला. पाहुण्यांनी घर हा बारावा खेळाडू असल्याची तक्रार केली. पंचांनी परवानगीचा कागद वाचला आणि निर्णय दिला की रुंद वाहनाला ऑफसाइड नसतो. सोमवारी नवा ओंडका आला आणि संध्याकाळपर्यंत घर टेकाडावर, चर्चच्या पलीकडे, जाऊन बसलं.

मी चूल लावत होतो. तिला जागा करायची म्हणून लोकरीची टोपली उचलली, तर ती दगडासारखी जड लागली. लोकरीखाली हात घातला. वायरचं मोठं थोरलं वेटोळं, कंपनीच्या पिशवीत बांधलेलं. पिशवीवर छापलं होतं: 'आमच्याकडून मोफत भेट. अडचणीच्या जागेसाठी लांब वायर. डिश दूर मोकळ्यावर लावा, घर आहे तिथेच राहू द्या.'

खळग्यापासून गोठ्यामागच्या मोकळ्या चढापर्यंत ती आरामात पोचली असती. मी ती मनातल्या मनात दोनदा पोचवून पाहिली.

"म्हातारे!"

एर्सिरा वळली. माझ्या हातातलं वेटोळं तिने पाहिलं आणि जराही गडबडली नाही. "सापडली का? खोकं उघडलं तेव्हाच मी ते वाचलं. म्हटलं, हे तुझ्या हाती पडलं तर मी मरेपर्यंत त्या खळग्यात."

"आणि घर निघालंच नसतं तर? वर्गाचं काय?"

"तर शुक्रवारी रात्री भेट सापडली असती." तिने शांतपणे काच पुसली. "इतकी वर्षं सांगत होते, वर जाऊ. माझ्यासाठी तू हललाच नसतास, म्हाताऱ्या. म्हटलं, डिशसाठी तरी हलशील."

मला रागवायचं होतं. तोंडात शब्दही जमले होते. पाच बैलजोड्या, नगरपालिका, सहलीची योजना, कप्तानाची टोपी! पण तिने खिडकी उघडली, आणि खाली सगळा समुद्र होता. तो आमच्या स्वयंपाकघरातून दिसत होता. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आजोबांनी बाकी सगळा विचार केला होता, एवढा एक करायचा राहिला होता.

तेवढ्यात उबेर्लिंदा धापा टाकत चढ चढून आल्या. हातात मिल्कावचं ताट. "अगंबाई, काय देखावा हा! आणि मास्तर, तुमची ती मोफत भेट? शेवटी मिळाली की नाही?"

मी वेटोळं लोकरीखाली सारलं. एर्सिरा खिडकीत कोपर टेकून, चेहऱ्यावर वारा घेत उभी होती.

"मिळाली," मी म्हटलं.